स्टेरं कालिस : जर्मनीविरुद्धच्या १२६ धावांची किंमत किती?

बांधावरचा — १८ मे २०२४, रात्री ११:०४

मंडळी, धागा क्रिकेटचा आहे पण आयपीएलचा नाही. त्यामुळे दोन-चारच प्रतिसाद येतील हे धरून चाललोय.

आम्ही अ‍ॅमस्टेलवेनला राहतो. लेक अकरा वर्षांची, गेल्या उन्हाळ्यापासून क्लबात क्रिकेट खेळते. मुलींचा वेगळा संघ काढायला पुरेशा मुलीच नाहीत, म्हणून लहान गटात सगळे एकत्र. हिच्या संघात अकरात दोन मुली. आज सामना होता. समोरच्या संघातल्या एका पोराचे बाबा, आपल्याकडचेच, गप्पांच्या ओघात म्हणाले, "मुलगी आहे ना, दोन वर्षांत हॉकीकडे जाईल बघा." वाईट हेतूने नाही म्हणाले. इथे हॉकीतल्या बायका जगज्जेत्या, मुली तिकडे ओढल्या जाणारच. लेकीने ऐकलं असावं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, डच मुलींमध्ये सगळ्यात भारी बॅटर कोण?"

मी स्टेरं कालिसबद्दल सांगायला लागलो. घर आलं तरी गोष्ट संपली नव्हती. उरलेली इथे लिहितो.

कालिसचा जन्म ३० ऑगस्ट १९९९ चा, डेल्फ्टचा. निळ्या नक्षीच्या भांड्यांचं ते डेल्फ्ट. ती बारा वर्षांची असताना, २०११ च्या अखेरीस, बांगलादेशात विश्वचषकाची पात्रता स्पर्धा झाली आणि त्यानंतर डच महिला संघाचा वनडे दर्जा गेला. दर्जा गेला म्हणजे सामने बंद झाले असं नाही. खेळायचं तेवढंच, घाम तेवढाच, पण मोठ्या वहीत नोंद नाही. आणि हा काही काल उगवलेला संघ नव्हे. १९८८, १९९३, १९९७ आणि २००० असे चार विश्वचषक या बायका खेळल्या आहेत. १९९७ चा तर भारतात झाला होता आणि त्यात त्या उपांत्यपूर्व फेरीत पोचल्या होत्या. तिथे ऑस्ट्रेलियाने हरवलं.

म्हणजे कालिस ज्या वयात बॅट नीट धरायला शिकली, त्या वयात तिच्या देशाचं नाव वहीतून खोडलेलं होतं.

मग आयसीसीने ठरवलं की १ जुलै २०१८ पासून सगळ्या सदस्य देशांच्या महिला संघांचे आपापसातले टी-२० सामने आंतरराष्ट्रीय धरायचे. कालिसचा पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० कधी? ७ जुलै २०१८. नियम लागू झाल्यावर सातव्या दिवशी! टी-२० विश्वचषकाची पात्रता स्पर्धा त्या वर्षी इथेच, उत्रेख्त आणि अ‍ॅमस्टेलवेनला होती.

पुढच्या जूनमध्ये स्पेनमध्ये ला मांगाला युरोपची पात्रता स्पर्धा झाली. तिथे तिने जर्मनीविरुद्ध नाबाद १२६ केल्या. आंतरराष्ट्रीय टी-२० मध्ये डच बाईने केलेलं हे पहिलं शतक. ती स्पर्धा नेदरलँड्सने जिंकली आणि वनडे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जागा मिळवली.

ती फेरी कोविडमुळे लांबत लांबत नोव्हेंबर २०२१ मध्ये हरारेला सुरू झाली. आणि ओमायक्रॉन आला म्हणून अर्ध्यातच गुंडाळली. पुढे कोण जाणार ते क्रमवारीवरून ठरवलं. अर्थात वरचेच गेले.

बाकी उद्या. झोप आली.

---

कोरा_चहा — १८ मे, रात्री ११:२०

मी पयला.

जॅक कॅलिसची कोण ही?

---

बांधावरचा — १८ मे, रात्री ११:२६

कोणी नाही. त्याच्या आडनावात दोन 'एल', हिच्या एकच. उच्चारही 'कालिस'. नावाचा शेवट आपल्या 'बरं', 'सारं'सारखा : स्टेरं. डचमध्ये 'स्टेर' म्हणजे तारा. आपल्याकडे जन्मली असती तर तारा काळे झाली असती.

---

सौ. गुगली — १९ मे, सकाळी ७:४५

तारा काळे!! चहा नाकात गेला.

लिहा हो पुढे. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

फुलटॉस — १९ मे, सकाळी ९:१२

धागाकर्त्याचा उत्साह समजू शकतो, लेक खेळते म्हटल्यावर होतंच. पण थोडं स्पष्ट बोलतो. जर्मनी? जर्मनीविरुद्ध १२६? उद्या आमच्या सोसायटीच्या संघाने शेजारच्या सोसायटीला धुतलं तर त्याचाही धागा काढू का? आयसीसीने सगळ्यांना दर्जा वाटला आणि विक्रमांच्या यादीची जत्रा झाली. कोणी शून्य धावांत सहा बळी, कोणी सहा धावांत सगळा संघ गारद. याला आंतरराष्ट्रीय क्रिकेट म्हणायचं असेल तर माझा दंडवत.

---

पावसाळी_ढग — १९ मे, सकाळी ९:१५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

सौ. गुगली — १९ मे, सकाळी १०:३०

फुलटॉस, तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते.

डिसेंबर १९९७. मी कॉलेजात होते, वांद्र्याला राहायचो. १६ तारखेला मामेभाऊ म्हणाला, चल, एमआयजीवर बायकांची मॅच आहे, फुकट आहे. गेलो. ऑस्ट्रेलिया विरुद्ध डेन्मार्क. आम्ही शेंगदाणे खात बसलो होतो आणि समोर बेलिंडा क्लार्क मारतच होती. २२९ नाबाद. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४१२. डेन्मार्क सर्वबाद ४९. भाऊ मध्येच उठून डबा खाऊन आला, तरी ती खेळतच होती. वनडेतलं जगातलं पहिलं द्विशतक आपण बघतोय हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. सचिनचं ग्वाल्हेरचं २०० त्यानंतर बारा वर्षांनी आलं.

आता सांगा. क्लार्कच्या २२९ चं नाव निघालं की कोणी "पण समोर डेन्मार्क होतं" म्हणतं का? प्रश्नमंजुषेत विचारतात, मुलं अभिमानाने उत्तर देतात. मग त्याच मापाने जर्मनी का नको?

---

फुलटॉस — १९ मे, सकाळी १०:५२

मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच. क्लार्कने डेन्मार्कला धुतलं तसं इंग्लंड-न्यूझीलंडलाही धुतलं. वर्षानुवर्षं. २२९ हा तिच्या कारकिर्दीचा एक दिवस होता, पुरावा नव्हता. कालिसकडे दुसरा पुरावा काय?

---

स्कोअरबुक — १९ मे, दुपारी १:४०

तज्ज्ञ नाही, फक्त आकडे जमवायची खोड आहे. भर घालतो.

१) ऑस्ट्रेलियाच्या मेग लॅनिंगने २०१४ च्या टी-२० विश्वचषकात सिल्हेटला आयर्लंडविरुद्ध १२६ केल्या होत्या. तेव्हाचा विक्रम. कालिसने गाठला तो आकडा हाच, फक्त नाबाद. महिन्याभरात, जुलै २०१९ मध्ये, लॅनिंगने चेम्सफर्डला इंग्लंडविरुद्ध नाबाद १३३ करून पुढचं पान उघडलं. त्याच ऑक्टोबरात अलिसा हिलीचे नाबाद १४८. म्हणजे कालिस यादीत फार दिवस वर राहिली नाही, पण कोणाच्या शेजारी बसली होती ते बघा.

२) डच बायका आणि ला मांगा हे काहीतरी वेगळंच प्रकरण आहे. २६ ऑगस्ट २०२१, तेच गाव, समोर फ्रान्स. फ्रेडरीक ओव्हरडाइक : ४ षटकं, २ निर्धाव, ३ धावा, ७ बळी. आंतरराष्ट्रीय टी-२० मध्ये सात बळी त्याआधी कोणीच घेतले नव्हते. बाई नाही, पुरुषही नाही. फ्रान्स ३३ वर आटोपलं.

३) तोवर पुरुषांत सर्वोत्तम काय होतं? दीपक चाहर, ७ धावांत ६, बांगलादेशविरुद्ध, १० नोव्हेंबर २०१९, नागपूर.

४) ओव्हरडाइकनंतर : २०२२ मध्ये अर्जेंटिनाच्या अ‍ॅलिसन स्टॉक्सचे ३ धावांत ७, २०२३ मध्ये मलेशियाच्या स्याझरुल इद्रुसचे ८ धावांत ७ (पुरुषांत पहिलाच), आणि गेल्या महिन्यात इंडोनेशियाच्या रोहमालियाचे मंगोलियाविरुद्ध शून्य धावांत ७.

फुलटॉस म्हणतात ती जत्रा आहे खरी. पण जत्रेत पहिली आली ती डच बाई.

---

संत्रानगरी — १९ मे, दुपारी २:०५

चाहरच्या म्याचला म्या होतो ना भाऊ जामठ्याला! शेवटी हॅट्ट्रिक घेतली त्यानं. घरी यायला रात्रीचे दोन वाजले, वर्धा रोडवर गाड्याच गाड्या. आन् तो विक्रम पावणेदोन वर्सांत एका डच पोरीनं स्पेनात जाऊन मोडला हे मले आज समजून राहिलं. आमच्याकडे कोनी सांगितलंच नाही.

---

कोरा_चहा — १९ मे, दुपारी २:११

ओव्हरडाइक! आडनावातच ओव्हर. अशा बाईला बळी मिळणारच.

---

बांधावरचा — १९ मे, रात्री ९:३०

@कोरा_चहा : डचमध्ये 'ओव्हर' म्हणजे पलीकडे आणि 'डाइक' म्हणजे बांध. बांधापलीकडची. माझ्या आयडीची नातेवाईकच म्हणा.

त्या ३३ ची दुसरी बाजू. डच संघाने ते लक्ष्य चार षटकंही न खेळता गाठलं. पण त्या स्पर्धेतून पुढे गेले ते दुसरेच. डच मुली घरी. जगात कोणी घेतले नव्हते ते सात बळी एका दुपारी घेतले आणि तरी स्पर्धा हरली. फुलटॉस यांचं म्हणणं मला इथे पटतं. फ्रान्सला ३३ वर काढून काही सिद्ध होत नाही, गुणतक्त्यातही फार फरक पडत नाही.

पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. कालिसकडे दुसरा पुरावा काय?

उत्तर : ती इंग्लंडला गेली. २०२० मध्ये तिथे महिलांच्या प्रादेशिक संघांची रचना नवी झाली, रेचल हेहो फ्लिंट करंडक सुरू झाला, आणि कालिस नॉर्दर्न डायमंड्सकडून खेळायला लागली. लॉरेन विनफिल्ड-हिल, हॉली आर्मिटेज, केटी लेव्हिक यांचा तो संघ. याच डायमंड्सनी २०२२ चा अंतिम सामना लॉर्ड्सवर दोन धावांनी जिंकला. (आदल्याच दिवशी त्याच मैदानावर दीप्ती शर्माने चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद केलं होतं आणि झूलनने निरोप घेतला होता. त्यावर इथे दोनशे प्रतिसादांचं रण पेटलं होतं, आठवतंय ना? दुसऱ्या दिवशीच्या सामन्याबद्दल एका ओळीचाही धागा नव्हता.)

२०२१ मध्ये द हंड्रेड (इंग्लंडातली शंभर-शंभर चेंडूंची स्पर्धा) सुरू झाली, तेव्हा कालिस नॉर्दर्न सुपरचार्जर्सच्या ताफ्यात होती. त्याच ताफ्यात आपली जेमिमा रॉड्रिग्ज. हेडिंग्लीला वेल्श फायरविरुद्ध ४ बाद १९ अशी वाट लागली असताना जेमिमाने ४३ चेंडूंत नाबाद ९२ ठोकल्या, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. तर त्या खोलीत एक डेल्फ्टची मुलगी पण होती.

डच खेळाडूची कारकीर्द दोन वह्यांत लिहिलेली असते हे मला इथे राहून कळलं. एक देशाची वही. त्यात समोर कोण येणार हे आपल्या हातात नाही. जर्मनी आली तर जर्मनी, फ्रान्स आला तर फ्रान्स, आणि मोठा संघ कधी येईल याची वर्षानुवर्षं वाट. दुसरी वही इंग्लंडची. तिथे दर आठवड्याला चांगल्या गोलंदाज समोर असतात, पण छातीवर देशाचं नाव नसतं. पहिल्या वहीवरून किंमत करायची तर जर्मनी आडवी येते. दुसरी वही आपण उघडतच नाही.

---

फुलटॉस — १९ मे, रात्री १०:०१

हे आधी लिहायला हवं होतंत. कौंटीच्या वरच्या पातळीवर खेळतेय म्हणजे पाणी आहे, मान्य. जर्मनीच्या १२६ ला मी अजूनही फार मोजत नाही.

---

आजी_म्हणे — २० मे, सकाळी ६:३०

फुलटॉस बाळा, जर्मनी जर्मनी काय लावलंयस? त्या काळातली त्यांची कप्तान कोण होती माहीत आहे का? अनुराधा दोड्डबल्लापूर. बंगळूरची मुलगी, हृदयाच्या विकारांवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ. दिवसा प्रयोगशाळा, सुट्टीला क्रिकेट. २०२० मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध चार चेंडूंत चार बळी घेतले तिने. माझा नातू फ्रँकफर्टजवळ असतो, त्याने दाखवलं होतं मोबाइलवर.

अशांना हरवलं तर हरवलं. पण चिल्लर म्हणू नये.

---

फुलटॉस — २० मे, सकाळी ८:५०

आजी, चुकलो. चार चेंडूंत चार! हे माहीत नव्हतं.

---

मॅटवरचा — २० मे, दुपारी १२:१५

जरा वेगळ्या बाजूने. बांधावरचा, तिथे क्लबांत विकेट कसली असते? मी वाचलं होतं की बहुतेक मैदानांवर मॅट. खरं आहे का?

विचारतोय कारण आमचं सगळं क्रिकेट तालुक्याला काथ्याच्या मॅटवर गेलं. मॅटवर वाढलेला बॅटर लांबून ओळखू येतो. चेंडू टप्पा पडून छातीपर्यंत येणार हे अंगात भिनलेलं असतं, म्हणून मागच्या पायावर जातो, कट आणि पुल झकास मारतो. मॅट ताणून ठोकली असेल तर चेंडू उसळतो, ढिली असेल तर कटर हातभर वळतो. त्यामुळे आम्ही टॉसच्या आधी मॅटच्या कडेला पाय दाबून बघायचो. आणि गवतावर गेलो की पहिल्या तासाभरात पायचीत, कारण चेंडू वर येतच नाही! जिल्ह्याच्या निवडीला गेलो तेव्हा माझं हेच झालं. तीन चेंडू.

---

बांधावरचा — २० मे, रात्री ८:४५

@मॅटवरचा : अगदी बरोबर. गवताच्या विकेटा मोजक्याच. आमच्याकडचं व्हीआरए, रॉटरडॅमचं हाझेलारवेख, फोरबुर्ग, उत्रेख्त वगैरे. बाकी क्लबांत मॅट. आमच्याकडे काथ्याचीच, डच लोक तिला 'कोकोसमाट' म्हणतात. उन्हाळा संपला की गुंडाळून ठेवायची, एप्रिलअखेरीस काढायची, ओढायची आणि कडेने खिळे ठोकायचे. पालकांच्या पाळ्या लागतात. पहिल्या वर्षी मी मॅट सरळ लावली असं मला वाटलं होतं. गोलंदाजीच्या टोकाला अर्धा फूट तिरकी निघाली. पाचच मिनिटांत एक सत्तरीचे आजोबा आले, काही न बोलता सगळे खिळे उपटले, परत ठोकले, आणि मला बिअर पाजली.

मैदानांचीही वाटणी असते. बऱ्याच ठिकाणी क्रिकेटचा क्लब हॉकी किंवा फुटबॉलच्या क्लबाचा धाकटा भाऊ. मे ते ऑगस्ट आमचं राज्य. सप्टेंबर लागला की गोलपोस्ट उभे राहायला लागतात.

---

सौ. गुगली — २० मे, रात्री ९:०२

काथ्याच्या मॅटवरचा काथ्याकूट. धागा योग्य विभागात आहे.

---

गहुंजेकर — २१ मे, सकाळी ११:१०

डच क्रिकेट म्हटल्यावर आमचाही एक दिवस. ८ नोव्हेंबर २०२३, गहुंजे, इंग्लंड विरुद्ध नेदरलँड्स. बेन स्टोक्सचं शतक बघितलं, पण मी तिकीट काढलं होतं बास दे लीडसाठी. माझ्या बाबांनी २००३ चा बासच्या वडिलांचा किस्सा इतक्या वेळा सांगितलाय की पाठ झालाय.

---

स्कोअरबुक — २१ मे, सकाळी ११:३५

टिम दे लीड. पार्ल, फेब्रुवारी २००३. ३५ धावांत ४ बळी, त्यात सचिन आणि द्रविड. भारत २०४ सर्वबाद, तरी आपण जिंकलो, कारण ते १३६ वर गेले. सामनावीर मात्र हरलेल्या संघातला दे लीड.

आता धाग्याच्या विषयाकडे : डच महिला संघाची सध्याची कप्तान बाबेत दे लीड. यष्टिरक्षक-फलंदाज. टिमची पुतणी, बासची चुलतबहीण. जन्म १९९९, म्हणजे कालिसच्याच वयाची.

---

गहुंजेकर — २१ मे, सकाळी ११:४१

काय सांगता! बाबांना आत्ताच फोन लावतो.

---

कोरा_चहा — २१ मे, सकाळी ११:५०

काकांनी सचिनला काढलं, पुतणी कप्तान, चुलतभाऊ विश्वचषकात. आणि आमच्या घरात कॅरममध्येही कोणी जिंकत नाही.

---

स्कोअरबुक — २१ मे, दुपारी १२:२०

अवांतर होतंय, पण प्रश्नमंजुषेसाठी वाखु (वाचनखूण) साठवा. नेदरलँड्सने आजवर एकच कसोटी खेळली आहे. पुरुषांनी नाही, बायकांनी. २८ जुलै २००७ पासून, हाझेलारवेख, रॉटरडॅम, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. १५९ धावांनी हरल्या. पुरुषांनी विश्वचषकांत नाव काढलं, पण कसोटीची टोपी त्या देशात फक्त बायकांकडे आहे.

---

फुलटॉस — २१ मे, दुपारी १:०५

हे खरं आहे?? शोधून आलो. खरं आहे.

---

पावसाळी_ढग — २१ मे, दुपारी ३:३०

वरचा प्रकाटाआ माझाच. फुलटॉस यांच्यासारखंच काहीतरी लिहिलं होतं, मग पूर्ण धागा वाचला.

एक विचारायचंय. वनडेचा दर्जा परत मिळाला का त्यांना? आणि मिळाल्यावर काय दिवे लावले? चिडून विचारत नाहीये, खरंच विचारतोय.

---

बांधावरचा — २१ मे, रात्री १०:१५

मिळाला. मे २०२२ मध्ये आयसीसीने पाच संघांना एकदम दिला : नेदरलँड्स, स्कॉटलंड, थायलंड, पापुआ न्यू गिनी, अमेरिका. ऑगस्टमध्ये आयर्लंडचा संघ इथे आला. २०११ नंतर डच बायकांचे पहिले वनडे, आमच्या घरापासून सायकलवर वीस मिनिटांवर, व्हीआरएला.

मी एका सामन्याला गेलो होतो. रानाच्या कडेचं मैदान, उंच झाडं, शिफोल विमानतळ शेजारीच, त्यामुळे डोक्यावरून विमान जाईपर्यंत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिकीट-बिकीट काही नाही. घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले आई-बाप, शेपूट हलवणारी कुत्री, क्लबाच्या खिडकीतून गरम बिटरबालन. (तळलेले गोळे हो. बटाटेवड्यासारखे दिसतात, आत भलतंच असतं. शाकाहाऱ्यांनी वाटेला जाऊ नये.) सीमारेषेवर उभी असलेली खेळाडू मागे वळून एका आजीशी बोलत होती. बहुतेक तिचीच आजी. षटक संपल्यावर आजीने पर्समधून सनक्रीमची ट्यूब काढून दिली, पोरीने नाकाला लावली, ट्यूब परत केली आणि पळत दुसऱ्या टोकाला गेली. आंतरराष्ट्रीय वनडे चालू होती.

आयर्लंडने मालिका ३-० जिंकली. दिवे म्हणाल तर हे. नोव्हेंबरात थायलंडला गेल्या, तिथे ४-० हरल्या. त्यातल्या पहिल्याच सामन्यात, थायलंडच्या आयुष्यातल्या पहिल्या वनडेत, नत्थकन चांथमने शतक काढलं. यांच्या गोलंदाजीवर! म्हणजे फुलटॉस, तुमच्या तराजूने पाहिलं तर तिकडे कोणीतरी "पण समोर नेदरलँड्स होतं" म्हणत असेल. तो काटा असा फिरत राहतो.

अकरा वर्षं वनडे न खेळलेल्या संघाला पन्नास षटकं कशी विणायची तेच कळत नव्हतं असं मला बघताना वाटलं. टी-२० मध्ये तीस चेंडू चांगले खेळले की भागतं. वनडेत विसाव्या ते पस्तिसाव्या षटकात काय करायचं हे सामने खेळूनच कळतं, आणि सामनेच नव्हते. कालिससारखी एखादी इंग्लंडात जाऊन ते शिकते. बाकीच्या दहाजणी कुठे जाणार? नोकऱ्या आहेत, कॉलेजं आहेत.

गेल्या वर्षी युरोपातून स्कॉटलंडबरोबर पात्र ठरल्या आणि आत्ता अबुधाबीला टी-२० विश्वचषकाची पात्रता फेरी खेळून आल्या. पुढे गेले श्रीलंका आणि स्कॉटलंड.

---

पावसाळी_ढग — २१ मे, रात्री १०:३१

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आजीची सनक्रीम आवडली.

---

मॅटवरचा — २१ मे, रात्री १०:४०

"विसाव्या ते पस्तिसाव्या षटकात काय करायचं" याला दहा मोदक. आमच्या तालुक्यातही वीस षटकांच्या स्पर्धा शंभर, चाळीस षटकांची वर्षाला एक. मधली षटकं खेळणारा बॅटर तयारच होत नाही.

---

फुलटॉस — २२ मे, सकाळी ९:२०

बांधावरचा, एक राहिलं. लेकीला शेवटी काय सांगितलंत? आणि शनिवारी तिने किती केल्या ते लिहिलंच नाहीत. बाप असून असं कसं चालेल?

---

बांधावरचा — २२ मे, रात्री ९:५०

मुद्दाम नव्हतं लिहिलं. आता विचारलंत म्हणून.

१४ नाबाद. तिचा आजवरचा सगळ्यात मोठा स्कोअर. पण समोरच्या संघात खेळाडू कमी पडले होते, म्हणून त्यांनी कोणाचा तरी धाकटा भाऊ उतरवला होता. सात-आठ वर्षांचा असेल. त्याचं षटक हिच्या वाट्याला आलं. चेंडू दोन टप्पे पडून येत होता. तीन चौकार तिथेच गेले.

कालिसची गोष्ट सांगून झाल्यावर, काल झोपायच्या आधी, तिने हळूच विचारलं, "बाबा, त्या लहान मुलाला मारलेले धरायचे का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. म्हटलं, स्कोअररकाकांनी लिहिलेत का? म्हणाली, हो. पेनाने.

शनिवारी परत सामना आहे. मॅट ठोकायची पाळी माझी.

---

कोरा_चहा — २२ मे, रात्री ९:५४

१४ नाबाद! पेढे कुठायत?